कर्ता अज्ञात

एका वाचकबंधूंनी पत्रातून मोठा गमतीचा प्रश्न विचारला आहे. पाश्चात्त्य संगीताची एक जुनी ध्वनिमुद्रिका त्यांच्या हाती आली. वेष्टनावर गीतांची यादी होती आणि निम्म्याहून अधिक गीतांपुढे रचनाकाराच्या जागी 'अनामिक' एवढाच शब्द छापलेला होता. काळ मात्र प्रत्येक गीतापुढे दिलेला : तेरावे शतक, इ. स. १४०० च्या सुमारास, वगैरे. 'ज्याचा बाप ठाऊक नाही त्याची जन्मतिथी या मंडळींना कोठून कळली?' असा त्यांचा सवाल आहे. सवाल मिस्किल असला तरी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात संपणारे नाही. म्हणून यंदाचे हे पान त्या निनावी मंडळींसाठी राखून ठेवले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निनावीपणा दोन प्रकारचा असतो. एक, नाव होते पण ते हरवले. आणि दुसरा, नाव लिहून ठेवावे असे कोणाला वाटलेच नाही. युरोपातील मध्ययुगीन संगीताचा फार मोठा भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो. मठांत आणि चर्चमध्ये दिवसातून सात-आठ वेळा प्रार्थना गायिली जाई. ती एकसुरी, विनासाथीची आणि लॅटिन भाषेतील असे. ती गाणाऱ्याला ती कोणी रचली याची चौकशी करण्याचे कारण नव्हते, जसे आपल्या आजीला आरतीची चाल कोणी बांधली हे विचारण्याचे कधी सुचले नाही.

या प्रार्थनासंगीताला पुढे नाव मिळाले ते मात्र एका थोर पुरुषाचे. इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या पहिल्या ग्रेगरीवरून त्याला 'ग्रेगोरियन' गायन म्हणतात. जुन्या चित्रांत ग्रेगरीच्या खांद्यावर एक पारवा बसलेला दिसतो. तो पवित्र आत्म्याचे प्रतीक. तो कानात चाली सांगतो आणि लेखनिक त्या उतरून घेतो, अशी ती आख्यायिका. वस्तुतः या चालींचा लिखित पुरावा ग्रेगरीनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने सुरू होतो. मधल्या काळात फ्रँक राजा पेपिन आणि त्याचा पुत्र शार्लमेन यांनी आपल्या राज्यभर रोमची उपासनापद्धती लागू करण्याचा घाट घातला होता. स्थानिक गवयांनी नवी पद्धत मुकाट्याने स्वीकारावी, यासाठी तिला एखाद्या निर्विवाद नावाचा आधार असणे सोयीचे होते. तेव्हा शेकडो अज्ञात भिक्षूंनी शतकानुशतके घडविलेले हे भांडार एका पोपच्या खात्यावर जमा झाले. असे प्रकार आपल्याला नवीन नाहीत. अभंगाच्या शेवटी कोणा थोर संताची नाममुद्रा घालून तो लोकांत सोडून देणारे कवी आपल्याकडे काय थोडे झाले?

आता लिहिण्याविषयी. आरंभीच्या स्वरलेखनात शब्दांच्या डोक्यावर बारीक रेघोट्या, ठिपके आणि आकडे असत. त्यांना न्यूम म्हणतात. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल येथील मठात दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असे एक हस्तलिखित आहे. ते पाहिले की अक्षरांवरून मुंग्यांची रांग गेल्यासारखे वाटते. चाल वर चढते की खाली उतरते, कोठे थबकते, कोठे लहरते, हे सारे त्यात असे. नसे ती एकच गोष्ट, म्हणजे कोणता स्वर! ज्याला चाल पाठ आहे त्याला आठवण करून देणे, एवढेच त्या खुणांचे काम. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवरून बंदिश बसविण्याचा प्रयत्न ज्यांनी केला असेल, त्यांना कागद आणि गाणे यांतले अंतर वेगळे सांगायला नको; आणि तेथे तर स्वर छापलेले असतात.

ही अडचण दूर केली ती इटलीतील आरेत्सो गावच्या ग्वीदो नावाच्या भिक्षूने, इ. स. १०२५ च्या आसपास. त्याने समांतर रेषा आखून त्यांवर व त्यांच्या मधल्या जागांत स्वर मांडले, म्हणजे पुढील सर्व स्टाफलेखनाचा पाया घातला. शिवाय मुलांना स्वर ओळखता यावेत म्हणून त्याने एक युक्ती केली. संत जॉन बाप्टिस्टच्या स्तोत्राची एक चाल अशी होती की, तिचा प्रत्येक चरणार्ध आधीच्यापेक्षा एकेक स्वर वर सुरू होई. त्या सहा चरणार्धांची पहिली अक्षरे त्याने स्वरांची नावे म्हणून घेतली : उत्, रे, मी, फा, सोल, ला. पुढे 'उत्' जाऊन 'डो' आला आणि सातव्या स्वराची भर पडली. पूर्वी जे शिकायला दहा वर्षे लागत ते आपण एक-दोन वर्षांत शिकवतो, असे ग्वीदो अभिमानाने लिहितो. बढाई थोडी असेलही. पण गुरूने न ऐकविलेले गाणे शिष्याने कागदावरून गावे, ही गोष्ट तेव्हापासून शक्य झाली, हे नाकारता येत नाही.

या सहा अक्षरांचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ग्रेगोरियन गायन गोव्यात आले आणि चर्चला जोडलेल्या शाळांतून तेथील मुलांना 'सोल्फेज' शिकविण्याची प्रथा रुजली. खेड्यातील पोर कोकणी बोले, लॅटिनमध्ये गाई आणि स्वरांना ग्वीदोची नावे देई. ज्या संत जॉनच्या स्तोत्रातून ही नावे निघाली, त्याचाच सण २४ जून रोजी 'सांजांव' म्हणून गोव्यात साजरा होतो आणि तरुण मंडळी डोक्याला पानाफुलांची वेटोळी बांधून विहिरींत उड्या घेतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) उपासनेत लॅटिनची जागा कोकणीने घेतली. पण तोवर त्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचून वाजविणारे वादक तयार केले होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद या गोवेकरांनी उभे केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. वाद्यमेळ लिहून देणाऱ्या या मंडळींची नावे तबकडीवर सहसा छापली जात नसत. त्यांपैकी एकाचे नाव देशभर झाले ते १९७७ सालच्या एका चित्रपटगीतामुळे, आणि तेही एका काल्पनिक पात्राचे नाव म्हणून! निनावीपणा मध्ययुगाबरोबर संपला, असे समजण्याचे कारण नाही.

असो. वाचकबंधूंच्या मूळ प्रश्नाकडे वळू या. कर्ता ठाऊक नसताना काळ कसा ठरतो, हे पाहण्यासाठी एकच पान घेऊ. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'हार्ली ९७८' या क्रमांकाचे एक हस्तलिखित आहे. आपल्याकडे जुन्या घरांतून बाड सापडते ना, त्याच जातीचे ते आहे : औषधोपचाराची टिपणे, पंचांगासारखी दिनदर्शिका, ससाण्यांविषयीचा मजकूर, मारी द फ्रान्स या कवयित्रीची कथाकाव्ये, राजकीय पद्ये, आणि या सर्वांत एका पानावर एक गाणे. ते उन्हाळा आल्याच्या आनंदाचे आहे. (आपल्याकडे उन्हाळा आला म्हणून कोणी गात नाही, माठ भरून ठेवतो, पण इंग्लंडचा हिवाळा काढल्यावर माणूस गाईल नाही तर काय करील?) गीतात कक्कू पक्षी आहे, म्हणजे आपल्या कोकिळेचा दूरचा भाऊबंद, गाय हंबरते आहे, मेंढी कोकराला साद घालते आहे. गंमत म्हणजे त्याच स्वरांखाली लाल शाईने दुसरे, लॅटिन गीत लिहिलेले आहे, आणि ते आहे ख्रिस्ताच्या बलिदानाचे. एकच चाल गोठ्यातही चालावी आणि मठातही, अशी ही सोय.

पण या पानाचे खरे वैभव त्याच्या रचनेत आहे. ही एकसुरी चाल नाही. एकाने सुरुवात करायची. तो पानावर काढलेल्या फुलीच्या खुणेपर्यंत पोहोचला की दुसऱ्याने तीच चाल पहिल्यापासून उचलायची, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. चौघेजण एकाच चालीवर एकामागून एक धावत असतात आणि तरीही प्रत्येक क्षणी स्वर एकमेकांशी जुळतात. खाली आणखी दोघेजण एक चिमुकला तुकडा अखंड घोळवीत बसतात. एक त्याचा पूर्वार्ध गातो तेव्हा दुसरा उत्तरार्ध. असे सहा आवाज. सहा स्वतंत्र आवाजांसाठी लिहिलेले याहून जुने संगीत आजवर उपलब्ध नाही, आणि ते कोणी रचले हे त्या पानावर नाही. विकमचा डब्ल्यू. नावाचा एक मठवासी गवई होता, त्याच्याकडे काही संशोधक बोट दाखवितात. पण तो केवळ तर्क आहे.

या पानाचा काळ कसा ठरला? हस्ताक्षराच्या वळणावरून, स्वरचिन्हांच्या आकारावरून, शेजारच्या मजकुरात आलेल्या घटनांवरून आणि दिनदर्शिकेतील नोंदींवरून. या दिनदर्शिकेवरून बाडाचा संबंध रेडिंग येथील मठाशी जोडला जातो आणि एकंदर पुरावा तेराव्या शतकाच्या मध्याकडे, १२६० च्या सुमाराकडे बोट दाखवितो. परंतु असे निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मॅनफ्रेड बुकोफ्त्सर नावाच्या विद्वानाने १९४४ साली असा वाद उभा केला की, इतकी प्रगल्भ रचना इतक्या लवकर होणे शक्य नाही. ती १३१० च्या आसपासची असली पाहिजे. हस्ताक्षरतज्ज्ञांनी पाने पुन्हा तपासली आणि त्याचे म्हणणे टिकले नाही. मला या वादात एक गोष्ट मोलाची वाटते. बुकोफ्त्सरचा युक्तिवाद कानावर आधारलेला होता आणि प्रतिवाद शाईवर. कान म्हणाला, 'हे नंतरचे असणार'. शाई म्हणाली, 'नाही'. निनावी गीताच्या बाबतीत शाईची साक्ष अधिक भरवशाची. रचनाकाराची जन्मतिथी तरीही कळत नाहीच, कळते ती पानाची. गीत पानापेक्षा जुने असू शकते, आणि किती जुने हे सांगता येत नाही. तेव्हा वाचकबंधूंनी वेष्टनावरचा काळ वाचताना तो बारशाचा आहे, जन्माचा नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता स्पेनकडे जाऊ. बार्सेलोनाजवळ मोन्सेरात नावाचा, करवतीच्या दात्यांसारख्या सुळक्यांचा डोंगर आहे आणि त्यावर काळ्या मेरीमातेचे ठाणे आहे. चौदाव्या शतकात तेथे यात्रेकरूंची रीघ लागे. माणसे दूरवरून चालत येत आणि रात्री मंदिरात जागरण करीत. जागरण म्हटले की गाणे आले, नाच आला. आणि ही मंडळी गात ती गाणी सगळीच देवळात शोभतील अशी नसत. मठातील भिक्षूंनी यावर जो उपाय काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी बंदी घातली नाही. लोकांना गायचे आहे, नाचायचे आहे, तर त्यांना गाता-नाचता येतील अशी सोज्ज्वळ गाणी आपणच द्यावीत, असे ठरवून १३९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात काही गीते लिहून ठेवली आणि त्यांचा हेतूही स्पष्टपणे नोंदविला. लॅटिनमध्ये, तसेच कॅटलन व ऑक्सिटन या तिथल्या बोलीभाषांत ती आहेत. काहींवर 'गोल रिंगणातील नाच' अशी सूचना आहे. काही रेडिंगच्या गीतासारखी एकामागून एक उचलायची आहेत. आणि शेवटी एक गीत आहे ते मृत्यूचे : आपण सारे मरणाकडे धावत आहोत, तेव्हा पाप सोडा, असे सांगणारे, पण चाल अशी की पाय आपोआप थिरकावेत. पंढरीची वाट चाललेल्या माणसाला यात काही परके वाटू नये.

हा ग्रंथ पुढे त्याच्या तांबड्या मखमली बांधणीवरून 'लिब्रे व्हेर्मेल' म्हणजे 'लाल पोथी' या नावाने प्रसिद्ध झाला. पण तो आज आहे तो केवळ योगायोगाने. १८११ साली नेपोलियनच्या सैन्याने मोन्सेरातचा मठ जाळला आणि तेथील ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. ही पोथी त्या वेळी मठात नव्हती! लिओच्या मार्क्वीस घराण्यातील एका गृहस्थांनी ती वाचायला नेली होती आणि परत केली नव्हती. पुस्तके उसनी नेणाऱ्यांविषयी आपल्या मनात एरवी काय भावना असतात हे सांगायला नको. या एका गृहस्थाचे मात्र संगीतजगतावर उपकार आहेत. १८८५ साली पोथी मठात परतली. मूळच्या १७२ पानांपैकी १३७ पाने उरली आहेत आणि त्यांत गाणी आहेत दहा. हरवलेल्या ३५ पानांत आणखी गाणी होती की नव्हती, कोण जाणे. शेकडो वर्षे हजारो यात्रेकरूंनी गायिलेल्या गाण्यांपैकी दहा!

स्पेनमध्येच, बुर्गोस शहराबाहेर, लास वेल्गास नावाचा जोगिणींचा मठ आहे. तो ११८७ साली राजा आठवा आल्फोन्सो याने स्थापिला. तेथे चौदाव्या शतकाच्या आरंभीचे एक हस्तलिखित १९०४ साली दोन बेनेडिक्टाइन भिक्षूंच्या दृष्टीस पडले. त्यात १८६ रचना आहेत. त्यांपैकी बहुतेक अनेक आवाजांच्या आहेत आणि जवळजवळ सर्व निनावी. त्यांत एक रचना केवळ सरावासाठी आहे, ग्वीदोची ती स्वराक्षरे घोळविणारी, आणि तिचे शब्द जोगिणींना उद्देशून आहेत. विद्वानांचा पुष्कळ काळ असा समज होता की, अवघड बहुस्वरी गायन हे पुरुषांचे, फार तर लहान मुलग्यांचे काम. या एका पानाने त्या समजाला तडा दिला. या भिंतींआड स्त्रिया हे गायन शिकत होत्या, एकमेकींना शिकवीत होत्या. ते हस्तलिखित आजही त्याच मठात आहे. 'अनामिक' हा शब्द मराठीत आपण सहजच पुल्लिंगी वापरतो. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांनी तरी तो थोडा विचार करून वापरावा.

अग्नीने नेले ते गेलेच. पण कात्रीने नेले ते पुष्कळदा परत मिळाले, ही या इतिहासातील एक विचित्र गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या चार वर्षांत राजा आठवा हेन्री याने मठ मोडीत काढले. लॅटिन उपासनेची पुस्तके निरुपयोगी ठरली. परंतु चर्मपत्र म्हणजे कमावलेले कातडे, चिवट आणि महाग. ते टाकून कोण देणार? पुस्तके बांधणाऱ्यांनी त्या गाण्यांची पाने कापून नव्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत आणि पाठीत घातली. वूस्टर येथील मठाच्या संगीताची पाने अशाच बांधण्यांतून विसाव्या शतकात एकेक करून सोडविण्यात आली. तेराव्या-चौदाव्या शतकांतील इंग्लंडच्या बहुस्वरी संगीताचे आपले ज्ञान फार मोठ्या प्रमाणात या चिंध्यांवर उभे आहे. कोठे वरचा आवाज मिळतो, खालचा नाही. कोठे ओळीचा शेवट कात्रीखाली गेलेला. स्वीडनमध्ये याहून मौज झाली. तेथे सरकारी हिशेबनीसांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत करांच्या वह्यांना वेष्टणे म्हणून जुन्या ग्रंथांची चर्मपत्रे वापरली. हिशेबाच्या वह्या सरकार कधी फेकून देत नाही, या न्यायाने ती सारी सुरक्षित राहिली. स्टॉकहोमच्या दप्तरखान्यात अशी वीस हजारांहून अधिक पाने आहेत, आणि त्यांतील पुष्कळ पाने उपासनासंगीताची आहेत. भक्तीने जे राखले नाही ते कारकुनीने राखले.

कॉव्हेंट्री शहरातील एका अंगाईची कथा मात्र याच्या नेमकी उलटी आहे. त्या शहरातील शिंपी आणि लोकर कातरणारे यांची श्रेणी दरवर्षी ख्रिस्तजन्माचे नाटक करीत असे. हेरोद राजाने बेथलेहेममधील तान्ह्या मुलांना ठार मारण्याची आज्ञा दिली, हे त्यातील एक कथानक. शिपाई येण्यापूर्वी माता आपल्या बाळांना निजवीत एक अंगाई गातात. मूल रडले तर शिपायांना कळेल, म्हणून ही अंगाई. तीन आवाजांची ती रचना आहे. नाटकाची संहिता १५३४ सालची आणि गाण्यांची नोंद १५९१ सालची. चाल कोणाची हे अज्ञात. ते एकमेव हस्तलिखित १८७९ साली बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला लागलेल्या आगीत जळाले. परंतु टॉमस शार्प नावाच्या एका पुराणवस्तुप्रेमी गृहस्थाने त्यापूर्वीच, १८२५ साली, ते उतरवून छापले होते. आज जगभर नाताळात गायिली जाणारी ही अंगाई सर्वस्वी त्या छापील प्रतीवर अवलंबून आहे. तीत काही ठिकाणी स्वर एकमेकांना खटकतात. ते मूळ रचनाकाराच्या मनातले, की शार्पच्या हातून झालेली चूक, हे तपासायला आता पान उरलेले नाही. गाणारे तो खटका तसाच ठेवतात, आणि माझ्या मते ते योग्य करतात. त्या मातांच्या तोंडी अगदी गोड स्वरमेळ शोभला नसता. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री बेचिराख केले. त्या वर्षी नाताळात कॅथीड्रलच्या भग्न भिंतींतून आकाशवाणीवर हीच अंगाई ऐकविण्यात आली.

निनावीपणाला पहिला मोठा धक्का दिला तो छपाईने. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुची याने १५०१ साली बहुस्वरी संगीताचा पहिला छापील संग्रह काढला. त्यातही अनेक रचना निनावी होत्या. पण दुसऱ्याच वर्षी त्याने केवळ जोस्कँ या एका रचनाकाराचे पुस्तक छापले, आणि नाव ही विकण्याची वस्तू आहे हे बाजाराला उमगले. जोस्कँ १५२१ साली वारला. त्यानंतर जर्मनीत त्याच्या नावावर इतक्या रचना प्रसिद्ध होऊ लागल्या की, १५४० साली एका संग्राहकाने, हा गृहस्थ जिवंतपणी केल्या त्याहून अधिक रचना मेल्यावर करीत आहे, अशा अर्थाचा एका थोर माणसाचा शेरा नमूद करून ठेवला. जोस्कँच्या नावावर तीनशेहून अधिक रचना आहेत. अभ्यासकांनी त्यांतील निम्म्याहून अधिक बाजूला काढल्या आहेत. यात एक क्रूर गोष्ट घडते. जोस्कँची म्हणून जी रचना काल लोकांना अलौकिक वाटत होती, तीच 'कर्ता अज्ञात' ठरताच कार्यक्रमांतून हळूच गळू लागते. स्वर तेच, शब्द तेच. फक्त पाटी बदलली. कानाने ऐकणारे किती आणि पाटी वाचून ऐकणारे किती, हे अशा वेळी कळते.

उलट प्रकारही घडला आहे. पॅरिसच्या नोत्र दामच्या बहुस्वरी संगीताचे दोन महापुरुष म्हणजे लेओनँ आणि पेरोतँ. चार आवाजांच्या, मंदिराच्या कमानींसारख्या उंच चढत जाणाऱ्या पेरोतँच्या रचना ११९८ च्या सुमारासच्या मानल्या जातात. पण ज्या हस्तलिखितांत हे संगीत आहे, त्यांत या दोघांची नावे कोठेही नाहीत. ती आपल्याला ठाऊक आहेत ती एका प्रबंधामुळे. पॅरिसमध्ये शिकलेल्या कोणा इंग्रज विद्यार्थ्याने पाऊणशे वर्षांनंतर तो लिहिला, आणि त्याने आपले स्वतःचे नाव लिहिले नाही! १८६४ साली कुस्माकेर याने असे जुने प्रबंध छापताना निनावी लेखकांना क्रमांक दिले, त्यात याच्या वाट्याला चौथा आला. तेव्हापासून तो 'अनामिक चौथा' या नावाने ओळखला जातो. पुढे न्यूयॉर्कमधील चार गायिकांनी १९८६ साली वृंद काढला, तेव्हा त्यांनी हेच नाव घेतले.

हे संगीत आज ऐकू येते ते कितपत खरे, असाही प्रश्न कोणी विचारील. पानावर लय नसते किंवा संदिग्ध असते. कोणती वाद्ये, किती गाणारे, केवढा आवाज, काहीच नसते. अकाली गेलेला इंग्रज वादक डेव्हिड मनरो (१९४२ ते १९७६) याने जुनी वाद्ये बनवून घेऊन यात चैतन्य आणले. स्पेनच्या जोर्दी साव्हाल यांनी लाल पोथीतील गीतांची ध्वनिमुद्रिका १९७८ साली केली. दोघांचेही ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्यामागून आलेल्या काहींनी प्रत्येक निनावी गीताला ढोल-डफाचा असा गजर जोडला आहे की, मूळ गाणे शोधावे लागते. कर्ता तक्रार करायला येणार नाही, हे खरेच. मूळ पाने पाहण्याची इच्छा असणाऱ्यांना आता लंडनची वारी करावी लागत नाही. मध्ययुगीन संगीताच्या हस्तलिखितांची छायाचित्रे जमविण्याचे काम ऑक्सफर्डला १९९८ साली सुरू झाले आणि ती संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या पाहता येतात.

आणि रेडिंगचे ते गीत तर घरीही गाता येण्याजोगे आहे. चाल सोपी आहे, मुले दोन-चार वेळा ऐकून उचलतात. सहाजण लागतात. ज्यांचा सूर पक्का पण उत्साह कमी, अशा दोघा वडीलधाऱ्यांना खालचा तुकडा द्यावा. त्यांनी तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. उरलेल्या चौघांपैकी सर्वांत धीट पोराने सुरुवात करावी. इतरांनी त्याच्याकडे न पाहता फुलीची जागा मोजावी, नाहीतर दुसरा हमखास पहिल्याच्या मागे फरफटत जातो. माणसे कमी असतील तर वरचे तिघे किंवा दोघेही चालतील, मात्र त्याहून कमी नकोत, अशी सवलत त्या पानावरच लॅटिनमध्ये लिहिलेली आहे. थांबायचे कसे, हे मात्र तेथे लिहिलेले नाही. ते ज्याच्या-त्याच्या घरी ठरवावे.